विहिरीतला हंसराज

चैतराम गवंड्याच्या विहिरीला दाढी फुटली, असं बालाघाटकडच्या चिचटोल्यातली माणसं म्हणत आणि चैतरामला ते अजिबात खपत नसे.

विहीर काही साधीसुधी नव्हती. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या त्याने काय केलं, तर घरामागच्या आपल्या तुकड्यात कुदळ मारली. तोवर त्याची बायको शेवंताबाई गावविहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. एखादी दयाळू बाई आली आणि तिने वरून ओतलं तर पाणी, नाहीतर नुसतंच ऊन. "आता कोनाच्या ओतल्यानं प्याचं नाही," एवढं बोलून चैतराम खणत सुटला. मुरूम लागला, काळा दगड लागला, शेवटी पाणी लागलं. उभा जन्म दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या माणसाने स्वतःसाठी बांधलेली ती पहिली वस्तू. दगड न् दगड त्याने आपल्या छिन्नीने घडवला, चुना आपल्या पायांनी मळला. गावात पाहुणा आला की चैतराम त्याला आधी विहीर दाखवायचा आणि मग पाणी पाजायचा.

पण काही वर्षांनी त्या दगडांच्या दरजांतून हिरवं काहीतरी डोकावू लागलं. आधी दक्षिणेच्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचत नाही. मग पाण्यापर्यंत खाली आणि मग चहूकडे. शिवायच्या दोऱ्याएवढे बारीक, काळे, चकचकीत देठ आणि त्यांवर नखाएवढी पंख्याच्या आकाराची पानं. अख्खं झाड वीतभरसुद्धा नाही. वारा नसला तरी आपलं थरथरत राहायचं. त्याला हंसराज म्हणतात, हे चैतरामला ठाऊक नव्हतं. तो त्याला गवत म्हणे. शिंप्याला आपण शिवलेल्या सदऱ्याची उसवलेली शिवण दिसावी, तसं ते गवत त्याच्या डोळ्यांना टोचायचं.

हंसराज नावाचा माणूस मात्र गावात होता आणि तो चैतरामला चांगलाच ठाऊक होता. बसथांब्याजवळ त्याचं सायकलीचं दुकान होतं. डोक्यावर काळेभोर कुरळे केस आणि त्यांना एवढं तेल की भर पावसात उभा राहिला तरी डोकं कोरडंच. चैतरामची एकुलती लेक अंजना शेजारच्या गावच्या प्रायमरी शाळेत शिकवायला सायकलने जायची आणि चैतरामचं पक्कं मत होतं की, साऱ्या गावात मिळून जेवढ्या सायकली पंक्चर होत नाहीत, तेवढ्या वेळा एकट्या अंजनाची होते. रस्त्यावर बाभळीचे काटे होते, हे खरं. पण काट्यांपेक्षा त्याला त्या केसांचा संशय जास्त होता.

अशात चैतरामच्या चुलतभावाने, पुनारामने, अंजनासाठी स्थळ आणलं. मुलगा खेमराज, गोंदियाच्या कॉलेजात लेक्चरर. आपल्याच समाजाचा, आईवडील तुमसरकडचे, दोघंही गेलेले, एक मामा तेवढा पाठीशी. पुनाराम म्हणाला, "झाडपाल्याचा मास्तर आहे, पन पगार सरकारी आहे." मुलगा रविवारी मामासोबत येणार, असं ठरलं.

शनिवारी सकाळी चैतराम कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला.

"काहून उतरून राह्यले जी?" शेवंताबाईने वरून विचारलं.

"कॉलेजचा मानूस येऊन राह्यला. त्याले ही दाढी दाखवू?"

"तो पोरगी पाह्यले येऊन राह्यला. विहीर पाह्यले नाही."

"जो विहीर पाहीन तोच घर पाहीन," चैतराम आतून म्हणाला आणि थापीच्या टोकाने गवत खरडू लागला. झुबकेच्या झुबके पाण्यात पडले. ते बादलीने उपसून शेवंताबाईने उकिरड्यावर टाकले. दरजांत नवं सिमेंट भरलं. उतरण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेले दगड होते, त्यांच्यावरही उरलेल्या सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवला. एका बाजूला अगदी पाण्यालगत एक झुबका राहिला. तिथे हात पोचेना. तो वरून दिसत नाही, अशी मनाची समजूत घालून चैतराम वर आला आणि त्या रात्री फार दिवसांनी शांत झोपला.

रविवारी बालाघाटहून येणारी बस धूळ उडवत थांबली. आधी मामा उतरले. टिकाराम मामा, जाडजूड, डोक्यावर पांढरी टोपी. मागून खेमराज. टेरिलिनची पँट, चष्मा आणि खांद्याला लटकवलेला पत्र्याचा डबा. चैतरामला वाटलं, डब्यात मिठाई असेल. पुनाराम येणार होता, पण त्याला ताप भरला होता, त्यामुळे दोन्हीकडच्यांना ओळखणारा मधला माणूस कोणीच नव्हता. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

जयभीम झाला, पाणी झालं, फोटोंना हार घातलेल्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसणं झालं. अंजना चहा आणि चिवडा घेऊन आली. तिने निळी साडी नेसली होती आणि मान मुळीच खाली घातली नव्हती. मामांनी नाव विचारलं, शाळा विचारली, वर्गात पोरं किती तेही विचारलं. खेमराजने काहीच विचारलं नाही. तो सारखा मागच्या दाराकडे बघत होता. तिथून विहिरीचा कठडा दिसत होता.

"अरे, तू बी काही विचार ना बाप्पा," मामांनी त्याला कोपराने ढोसलं.

खेमराजने घसा साफ केला. चष्मा वर सरकवला. मग अंजनाकडे न बघता तो सरळ चैतरामला म्हणाला, "काकाजी, खरं सांगतो, राग मानू नका. तुमच्याकडे हंसराज आहे, असं ऐकलं. मी तर मुख्य त्याच्यासाठीच आलो."

चैतरामचा चहा धोतरावर सांडला. आतल्या दाराशी उभ्या शेवंताबाईने पदर तोंडात धरला. सायकलवाल्याची बातमी गोंदियापर्यंत गेली म्हणायची!

"हंसराजचा न् आमचा काही संबंध नाही," चैतराम म्हणाला.

"असं कसं? पुनारामकाकांनी स्वतः पाहिलाय. तुमच्या विहिरीवर."

"विहिरीवर कोनी येत नाही. घरची मानसं सोडून कोनी नाही."

"विहिरीवर म्हणजे, विहिरीच्या आत."

"आत?" चैतराम अर्धा उठलाच. "आत काय करते तो?"

"लपून असतो," खेमराज उत्साहाने पुढे सरकला. आता तो वर्गात असल्यासारखा बोलू लागला होता. "उन्हाचं त्याला वावडं. सावली हवी, गारवा हवा, पायाशी सतत ओल हवी. म्हणून तो अशी बाहेरच्यांच्या नजरेला न पडणारी जागा धरतो. एकदा का मुळं धरली की मग मात्र निघता निघत नाही."

"धरली काय?" शेवंताबाई दारातून कळवळली.

"माझ्या माहितीप्रमाणे कितीतरी वर्षांपासून. आणि ओळखायला सोपा आहे हो. काळेभोर, चमकदार, केसासारखे! बघताक्षणी ओळखू येतो. आणि गंमत म्हणजे वरून कितीही पाणी ओता, भिजत नाही. पाण्याचे मोती होऊन घरंगळून जातात."

चैतरामच्या डोळ्यांसमोर तेलाने थबथबलेलं ते कुरळं डोकं उभं राहिलं. वर्णनात एका केसाचीही चूक नव्हती. टिकाराम मामा पण गोंधळून एकदा भाच्याकडे, एकदा यजमानांकडे बघत होते. भाचा झाडाबद्दल बोलतो आहे, हे त्यांना कळत होतं. यजमान एवढे का घामाघूम झाले, हे कळत नव्हतं.

"पाहुणे," चैतराम हात जोडून म्हणाला, "तो फक्त सायकलचं पंक्चर काहाडते. माही पोरगी गाईवानी आहे. लोकं काहीबी बोलतात."

आता गोंधळण्याची पाळी खेमराजची होती. "कोण पंक्चर काढतं?"

इतका वेळ ट्रे हातात धरून उभी असलेली अंजना एकदम हसली. आधी ओठ दाबून, मग नाकातून, मग ट्रे खाली ठेवून मोकळीच. शाळेत पोरांना शिकवायच्या हिंदी पुस्तकात तिने ते नाव वाचलं होतं.

"बाबा, ते हंसराजभाऊचं नाही, विहिरीतल्या गवताचं बोलून राह्यले. उस पौधे का नाम हंसराज है."

मग मामा पोट धरून हसू लागले, शेवंताबाईने तोंडातला पदर काढून डोळे पुसले आणि चैतरामच्या अंगातून असा काही सुस्कारा निघाला की भिंतीवरची कॅलेंडरं हलली असती. तोही हसला. त्या सुटकेच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं:

"गवत होय! ते तं म्या कालच सारं खरडून टाकलं. तुमच्यासाठीच."

खेमराज हसत नव्हता. घरातलं कोणी गेल्याची तार यावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"सगळं?"

"सारं. वरून सिमेंट भरलं. आता सात जन्म उगत नाही."

"काकाजी, काय केलंत हे!" खेमराजने कपाळाला हात लावला. बैहरच्या डोंगरात, नाल्याच्या कपारीला त्याने हा इवल्या पानाचा हंसराज एकदा पाहिला होता. मैदानात तो कुठे सापडेना. धानाच्या बांध्या, तळी, नदीचे काठ पालथे घालून झाले. आणि पुनारामकाकांनी रेल्वेत सहज सांगितलं की आमच्या भावाच्या विहिरीत असलं गवत आहे, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. "याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाची कड खाली मुडपलेली असते ना, त्या मुडपीत तपकिरी भुकटी असते, डोळ्याला धुळीसारखी. तीच याची संतती. ती धूळ वाऱ्यावर उडून कुठल्या कुठे जाते आणि लाखांतला एखादा कण नेमका योग्य जागी पडतो. बैहरच्या डोंगरातून उडालेला कण तुमच्या विहिरीत येऊन जगला, काकाजी! तुमच्याच विहिरीत!"

चैतरामला ते जरा बरं वाटलं. "माह्याच विहिरीत काहून?"

खेमराजने इथे गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर थांबत नाही.

"कारण त्याला चुना आवडतो. दरजेतला चुना विरघळत असेल आणि भिंत सतत झिरपत असेल, अशी जागा त्याला सगळ्यात मानवते."

"झिरपत?" चैतराम उभा राहिला. "माहा जोड झिरपते?"

"झिरपल्याशिवाय हंसराज येतच नाही, हे तर शास्त्र आहे."

"शास्त्र गेलं चुलीत! खैरलांजीपासून वारासिवनीपावतर विचारून या, चैतरामच्या भिंतीतून पान्याचा थेंब निघाला काय म्हनून!"

"अहो, पण विहिरीची भिंत झिरपणारच. नाही तर आत पाणी कुठून येईल?"

"खालून येते! झऱ्यातून येते! भिंतीतून नाही!"

"पाहुणे, बसा, बसा," मामा मध्ये पडले. "खेमराज, गप बस. पोरगी पाह्यले आलो आपन, भांडाले नाही." पण तोवर चैतराम तरातरा मागच्या दाराने बाहेर पडला होता. "चाला! या इकडं! दाखवा मले कुठं झिरपते ते!" आणि त्याच्यामागे झाडं गोळा करायचा तो रिकामा पत्र्याचा डबा सावरत खेमराज.

कठड्यावरून वाकून खेमराजने आत पाहिलं. नव्या सिमेंटच्या राखाडी रेघा होत्या. कुठेही हिरव्याचं नाव नाही. चैतराम छाती काढून उभा राहिला. तेवढ्यात खेमराज ओरडला, "तो काय! तिकडे! पाण्यालगत!"

तोच तो हात न पोचलेला झुबका. चैतरामने मनातल्या मनात स्वतःला शिवी घातली.

"राहू द्या, मी काढून देतो," तो म्हणाला. पण खेमराजने चपला काढल्या होत्या, डबा खाली ठेवला होता आणि एक पाय आत टाकला होता. माघ महिना होता, दगड गार होते. तो बाहेर आलेल्या दगडांवरून एकेक पाय टाकत खाली गेला. त्या दगडांवर कालच्या सिमेंटचा गुळगुळीत हात फिरलेला आहे, हे सांगायला चैतरामने तोंड उघडलं. "अजी, तिथं जरा..." एवढंच बोलून झालं. मग पाण्याचा मोठा आवाज झाला.

शेवंताबाईने ठोकलेली किंकाळी बसथांब्यापर्यंत गेली. बघता बघता कुंपणावरून डोकी दिसू लागली. शेजारच्या रुख्माबाईने एका नजरेत सारं ताडलं आणि मागच्यांना सांगितलं, "पोरगी पसंत नाही पडली वाटते. पाव्हन्यानं विहिरीत उडी घेतली."

"अरे, पसंत नाही तं नाही म्हनाव ना बाप्पा, जीव काहून द्या लागते?" कोणीतरी म्हणालं.

"पोराले काही झालं तं त्याच्या मेलेल्या मायले काय सांगू म्या?" म्हणत टिकाराम मामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. अंजना मात्र कठड्याशी जाऊन वाकली होती. पाणी छातीएवढंच होतं. खेमराज चष्म्याशिवाय, दातावर दात वाजवत उभा होता. एका हाताने भिंत चाचपत होता आणि त्याची सगळी कॉलेजची भाषा पाण्यात वाहून गेली होती.

"मले वर घ्या ना बाप्पा! लय थंडं आहे!"

विहिरीचा दोर शेवंताबाईने आदल्या दिवशीच्या उपशानंतर वाळत घातला होता, तो घाईत कोणाला सापडेना. तेव्हा गर्दी बाजूला सारत एक माणूस धावत आला. खांद्यावर ट्रकची ओझी बांधायचा जाड दोर. काळे कुरळे केस. सायकलवाला हंसराज. चैतरामने त्याला पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पाहून बरं वाटलं.

"हंसराज, दोर सोड! लवकर!" चैतराम ओरडला.

आतून खेमराजचा आवाज आला, "हंसराज भेटला! माह्या हातात आहे!"

हंसराज दोर सोडता सोडता थबकला. त्याने आधी स्वतःकडे पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. "अजी, मी तं इथंच वर उभा आहो," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. गर्दीतल्या दोघातिघांनी कानाला हात लावले. रुख्माबाईने जाहीर केलं की, पोराच्या डोक्याला मार बसला.

शेवटी चैतराम, मामा आणि हंसराज अशा तिघांनी मिळून त्याला ओढून वर काढलं. तो कठड्यावर आला तेव्हा ओठ निळे पडले होते, पँट गुडघ्याला फाटली होती आणि उजव्या मुठीत मुळांसकट हिरवा झुबका होता. अंगणात ऊन होतं, तिथे त्याला बसवलं. शेवंताबाईने चैतरामचं धोतर आणि घोंगडी दिली, वर आल्याचा चहा दिला. पाण्यात गेलेला चष्मा हंसराजने बादली खोल सोडून, फिरवून फिरवून काढला. त्याचे आभार मानायला खेमराजने नाव विचारलं आणि नाव ऐकून तो इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिला की, हंसराज बिचारा दोर तिथेच टाकून दुकानाकडे निघून गेला.

गर्दी पांगली. मामा आणि चैतराम ओसरीवर सुपारी कातरत बसले. अंगणात घोंगडीत गुंडाळलेला खेमराज आणि समोर, बादली भरून आणलेली अंजना.

"बघा," खेमराज अजून कुडकुडतच होता. त्याने एक पान पाण्यात पूर्ण बुडवून बाहेर काढलं. थेंब घरंगळून गेले, पान कोरडंच्या कोरडं. मग त्याने ते उलटं करून पानाची मुडपलेली कड दाखवली. एक कोवळं पान दाखवलं, गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं. "हे असंच हळूहळू उलगडतं."

अंजनाने पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. तिला ते आवडलं. रोज सकाळी पाणी ओढताना ती हेच बघत आली होती आणि कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचारा ना! मुळांबद्दल?"

"मुळांबद्दल नाही. मी चहा घेऊन आली होती, तेव्हा कोणत्या रंगाची साडी होती माझी?"

खेमराजने डोळे बारीक करून पाहिलं. ती अजून तीच साडी नेसून त्याच्यासमोर उभी होती. पण त्याने चष्मा पुसायला काढला होता आणि चष्म्याशिवाय त्याला घोंगडीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"मी... तेव्हा विहिरीकडे बघत होतो," तो म्हणाला. "चूक झाली."

"मग आता बघून घ्या. बस यायची आहे."

त्याने चष्मा लावला. काचेवर पाण्याचे डाग होते, ते घोंगडीच्या टोकाने पुसले, पुन्हा लावला. मग तिच्याकडे पाहिलं. पानाकडे बघायचा तसंच, आधी वरवर आणि मग नीट, घाई न करता. अंजनानेही मान खाली घातली नाही. कान लाल झाले ते खेमराजचे.

"निळी," तो म्हणाला.

"हौ," अंजना म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

ओसरीवर चैतरामने हे सगळं तिरप्या नजरेने पाहिलं होतं. त्याचा राग गेला नव्हता. झिरपण्याची गोष्ट त्याला अजून सलत होती. पण आत जाऊन त्याने अंजनाला हळूच विचारलं, "काय व माय, कसा वाटला?"

"बरा आहे."

"एका गवतासाठी विहिरीत पडला तो."

"पडला, पन हातातलं सोडलं नाही ना, बाबा," अंजना म्हणाली. शेवंताबाईने मध्येच सांगून टाकलं की, पोरगा साधा आहे, खाण्याचे नखरे नाहीत, दोनदा चिवडा मागून घेतला, तेव्हा आता फार चिकित्सा करू नका.

चैतराम अंगणात आला. उकिरड्याकडे गेला. कालचा ढीग अजून ओला होता. त्यातले चांगले, मुळं शाबूत असलेले झुबके त्याने निवडून काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि खेमराजच्या पायाशी नेऊन ठेवले.

"घ्या. तुमच्या कॉलेजात लावा. मले नाही पायजे."

खेमराजने गोणपाट उघडून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. तो वाकून चैतरामच्या पाया पडायला गेला. घोंगडीत पाय अडकून पुन्हा पडता पडता वाचला.

"पन एक गोष्ट ध्यानात ठेवा," चैतरामने बोट वर केलं. "माही भिंत झिरपत नाही."

खेमराजच्या ओठांवर शास्त्र आलं होतं. ते साफ दिसलं. मागे उभ्या मामांनी त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"नाही काकाजी," तो म्हणाला. "यांना हवेतली ओलसुद्धा पुरते, असं कुठेतरी... वाचलंय मी."

चैतरामला कळलं की, पोरगा धादांत खोटं बोलतो आहे. शिक्षकाला खोटं बोलायला किती जड जातं, हेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चैतराम हसला आणि त्याच्या घोंगडीवर थाप मारून म्हणाला, "चाला, बसची वेळ झाली."

बसथांब्यावर मामांनी रीतसर विचारलं, "मंग चैतरामजी, आम्ही काय समजाचं?" चैतराम म्हणाला, "पुनारामचा ताप उतरू द्या. मंग बसू, तारीख काहाडू." मामांनी त्याला मिठीच मारली. खेमराज चैतरामच्याच धोतरात, फाटकी पँट काखोटीला मारून आणि गोणपाट लहान लेकरासारखं छातीशी धरून बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणाला, "भाजी छत पर रखो, भैया." त्यावर दोघांची बाचाबाची झाली. गाडी सुटली तरी ती चालूच होती.